दारिद्र्यनिर्मूलन धोरण व लोकसंघटना

दारिद्र्यात जगणाऱ्या लोकांनी स्वतः उभारलेल्या, अथवा त्यांच्यात राहून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या सहभागाने बांधलेल्या स्वेच्छासंघटनांना स्थूलमानाने ‘लोकसंघटना’ असे म्हणतात. शेतमजूर, भूमिहीन, आदिवासी, दुष्काळग्रस्त, धरणग्रस्त, झोपडपट्टीवासी इत्यादींच्या संघटना या वर्गात मोडतात. शासनाच्या दारिद्र्यनिर्मूलन धोरणाची आखणी, त्यास मिळणारे कायद्याचे रूप, त्यासाठी होणारी आर्थिक तरतूद आणि गावपातळीवरील अंमलबजावणी, ह्या चारही टप्प्यांवर अशा संघटना प्रभाव पाडू शकतात. हा प्रभाव कोणत्या मार्गांनी पडतो, तो केव्हा टिकतो आणि केव्हा ओसरतो, याचे विवेचन प्रस्तुत नोंदीत मुख्यतः महाराष्ट्रातील रोजगार हमी योजनेच्या आधारे केले आहे. दुष्काळी कामांवरील मागणीपासून राज्याच्या कायद्यापर्यंत व तेथून राष्ट्रीय कायद्यापर्यंतचा प्रवास या एकाच उदाहरणात पाहावयास मिळतो.

लोकसंघटना ही धर्मादाय संस्थेहून भिन्न आहे. धर्मादाय संस्था गरजूंना साहाय्य देते. लोकसंघटना शासनाकडून मिळावयाच्या साहाय्याच्या अटी बदलू पाहते. राजकीय पक्षाप्रमाणे ती सत्ता हस्तगत करण्यासाठी स्थापन झालेली नसते, तथापि पक्षांशी तिचे संबंध बहुधा निकटचे असतात. कारखान्यातील कामगार संघटनेपुढे एक निश्चित मालक असतो. ग्रामीण श्रमिकांच्या संघटनेपुढे मात्र अनेक लहानमोठे जमीनमालक आणि शासन असे दोन्ही पक्ष असतात, आणि शासन कधी मालक, कधी लवाद तर कधी प्रतिपक्ष अशा वेगवेगळ्या भूमिकांत वावरते.

प्रश्नाचे स्वरूप : गरीब लोक संख्येने मोठे असूनही धोरणावरील त्यांचा प्रभाव अल्प असतो. ते विखुरलेले असतात. रोजची मजुरी बुडवून सभेस वा मोर्चास जाणे त्यांना परवडत नाही. आणि ज्याच्या शेतात काम करावयाचे किंवा ज्याच्याकडून उसनवार आणावयाचे, त्याच्याविरुद्ध उघडपणे उभे राहणे धोक्याचे असते. शासकीय योजनांचे स्वरूपही संघटनेस अनेकदा मारक ठरते. दुभते जनावर, घरकुल, विहीर यांसारखे लाभ मोजक्या कुटुंबांस निवडून दिले जातात, तेव्हा गावातील गरीब परस्परांचे स्पर्धक बनतात आणि निवड करणाऱ्या व्यक्तीची मर्जी राखणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. याउलट जो लाभ मागणी करणाऱ्या प्रत्येकास देणे शासनावर बंधनकारक असते आणि जो एकत्र येऊन मागितल्यास अधिक खात्रीने मिळतो, तो लाभच संघटनेस जन्म देतो. म्हणून दारिद्र्यनिर्मूलनाच्या धोरणाचा विचार करताना किती रक्कम दिली याबरोबरच ती कोणत्या रीतीने दिली, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

ऐतिहासिक पूर्वपीठिका : शासनाने उपासमारीच्या काळात काम पुरवावे ही कल्पना महाराष्ट्रात नवी नाही. १८७६–७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यात सरकारी कामे काढण्यात आली. जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांच्या काटकसरीच्या धोरणानुसार मजुरी घटवून सु. एक पौंड धान्य व वर अल्पशी रोख रक्कम एवढ्यावर आणली गेली. तेव्हा दख्खनच्या जिल्ह्यांतील हजारो मजुरांनी कामे सोडून दिली. १८७० मध्ये स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी (सार्वजनिक काका) यांच्या पुढाकाराने या मजुरांची बाजू घेतली, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळविली आणि दुष्काळाच्या स्थितीचे वृत्तांत सरकारला सादर केले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता तयार झाल्या व दुष्काळी कामांचे नियम लिखित स्वरूपात आले.

या लिखित नियमांचा उपयोग १८९६–९७ च्या दुष्काळात झाला. लोकमान्य टिळकांच्या प्रभावाखालील सार्वजनिक सभेने दुष्काळ संहितेतील तरतुदी मराठीतून गावोगाव पोहोचविल्या आणि नियमानुसार मिळणारी सारासूट मागण्यास शेतकऱ्यांना प्रवृत्त केले. मागणी सरकारच्याच नियमांवर आधारलेली असल्याने तिला बेकायदेशीर ठरविणे अवघड होते. तथापि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. शासनाने स्वतः केलेला नियम लोकांच्या हाती देणे हे प्रभावी साधन आहे आणि म्हणूनच ते शासनास अप्रिय होते, ह्या दोन्ही गोष्टी त्या घटनेतून स्पष्ट झाल्या.

रोजगार हमी योजनेचा उगम : महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ मध्ये सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यात ग्रामीण भागातील काम मागणाऱ्यांस काम पुरविण्याचा प्रयोग सुरू झाला. वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय दारिद्र्याच्या अभ्यासात, ज्यांच्याजवळ श्रमाखेरीज काही नाही अशांसाठी सार्वजनिक कामांद्वारे रोजगाराची हमी द्यावी, असा विचार मांडला होता. १९७२ मध्ये राज्य शासनाने रोजगार हमी योजना जाहीर केली. परंतु त्याच वर्षी पडलेल्या भीषण दुष्काळामुळे ती बाजूस राहून नेहमीची दुष्काळी कामेच मोठ्या प्रमाणावर काढावी लागली. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या सु. ५० लाखांवर गेली होती.

दुष्काळी कामांनी एक अनपेक्षित परिणाम घडवून आणला. एरवी वेगवेगळ्या शेतांवर विखुरलेले मजूर खडी फोडण्याच्या, रस्त्याच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर शेकड्यांनी एकत्र आले. त्यांत स्त्रियांची संख्या फार मोठी होती. अल्पभूधारक शेतकरी आणि भूमिहीन मजूर, तसेच निरनिराळ्या जातींची माणसे एकाच हजेरीपटावर आली. मजुरी वेळेवर मिळणे, कामाचे मोजमाप योग्य होणे, स्वस्त धान्य व पाणी कामाच्या जागी उपलब्ध असणे या सर्वांच्या समान मागण्या होत्या. लाल निशाण पक्ष, शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी आणि दोन्ही साम्यवादी पक्षांच्या कार्यकर्त्यांनी या मजुरांचे मोर्चे, घेराव व संप संघटित केले. दत्ता देशमुख यांच्यासारख्या नेत्यांनी दुष्काळग्रस्तांना केवळ तात्पुरती मदत न देता दुष्काळ हटविणारी जलसंधारणाची कामे द्यावीत, ही भूमिका आग्रहाने मांडली. याच सुमारास धुळे जिल्ह्याच्या शहादे परिसरात (सध्या नंदुरबार जिल्हा) अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने भिल्ल आदिवासींमध्ये जागृती होऊन १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन आणि मजुरी यांबरोबर रोजगाराच्या कामांचा प्रश्नही तिने हाती घेतला.

दुष्काळ ओसरल्यावर दुष्काळी कामे बंद करण्याची परंपरा होती. या वेळी मात्र मजुरांच्या मागणीचा जोर कायम राहिला आणि १९७४ पासून रोजगार हमी योजना पुन्हा कार्यान्वित झाली. योजनेची कल्पना सभापतींची व अर्थतज्ज्ञांची असली, तरी ती कागदावरून जमिनीवर आणण्याची निकड दुष्काळी कामांवरील संघटित मजुरांनी निर्माण केली, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल.

कायदा व त्याची रचना : विधिमंडळाने १९७७ मध्ये महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम संमत केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. ग्रामीण भागातील व ‘क’ वर्ग नगरपालिकांच्या क्षेत्रांतील, अंगमेहनतीचे अकुशल काम करण्यास तयार असलेल्या प्रत्येक प्रौढ व्यक्तीस काम मिळण्याचा हक्क त्याने मान्य केला. नाव नोंदवून कामाची मागणी केल्यापासून पंधरा दिवसांच्या आत काम द्यावयाचे आणि न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा. सामान्यतः किमान पन्नास मजूर उपलब्ध असल्यास नवे काम सुरू करावयाचे. खर्चाचा किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीवर व्हावयाचा. कामाच्या जागी पिण्याचे पाणी, सावली, प्रथमोपचार व लहान मुलांसाठी पाळणाघर यांची सोय करावयाची, अशा तरतुदी करण्यात आल्या.

निधीची व्यवस्थाही वैशिष्ट्यपूर्ण होती. १९७५ च्या कायद्यान्वये बसविलेला व्यवसाय कर, तसेच विक्रीकर, मोटार वाहन कर, जमीन महसूल व बागायती जमिनी यांवरील अधिभार यांतून स्वतंत्र रोजगार हमी निधी उभारण्यात आला आणि तेवढीच रक्कम राज्य शासनाने घालावयाची असे ठरले. पगारदार नागरी वर्गाच्या करातून ग्रामीण श्रमिकास मजुरी मिळू लागली. योजनेतून होणारे पाझर तलाव, नालाबांध व रस्ते जमीनधारकांनाही उपयुक्त होते. त्यामुळे ग्रामीण सत्ताधारी वर्गाचा विरोध सौम्य झाला. ज्या धोरणात गरिबांच्या मागणीस इतर वर्गांच्या हिताची जोड मिळते, ते संमत होणे सुलभ असते. मात्र पुढे त्या वर्गांचे हित गरिबांच्या हितावर मात करण्याची शक्यताही त्यात असते.

संघटनांचे कार्य : कायदा झाल्यावर लोकसंघटनांचे कार्य संपले नाही, किंबहुना खऱ्या अर्थाने ते तेथूनच सुरू झाले. पंधरा दिवसांची मुदत मोजावयाची तर मागणी कोणत्या तारखेस केली याचा पुरावा लागतो. निरक्षर मजुराने तोंडी केलेली मागणी नोंदलीच जात नसे. म्हणून कामाच्या मागणीचा अर्ज (नमुना ४) गावातील सर्वांचे मिळून एकाच दिवशी भरणे, ते एकत्रितपणे कार्यालयात नेऊन देणे आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय तेथून न उठणे, ही पद्धत अनेक संघटनांनी अवलंबिली. एकट्याने पोच मागणारा मजूर परत पाठविता येतो. दोनशे मजुरांना परत पाठविणे कठीण असते. कायद्यातील ‘पन्नास मजूर’ ह्या अटीमुळेही एकत्र येणे भाग पडले. अशा प्रकारे कायद्याच्या रचनेनेच संघटनेस निमित्त आणि आधार पुरविला.

दुसरा संघर्ष मजुरीचा होता. मजुरी कामाच्या मोजमापावर ठरत असल्याने खणलेल्या मातीची लांबी-रुंदी-खोली, जमिनीचा कठीणपणा आणि माती वाहून नेण्याचे अंतर यांची नोंद निर्णायक ठरे. मोजमाप उशिरा किंवा कमी होणे, हजेरीपटावर खोटी नावे घालणे, मुकादमाने रकमेतून कपात करणे हे नेहमीचे गैरप्रकार होते. संघटनांनी कार्यकर्त्यांना व मजुरांना दरपत्रक वाचण्यास आणि टेपाने मोजमाप घेण्यास शिकविले, हजेरीपट कामाच्या जागी उघडपणे वाचून दाखविण्याची मागणी केली व थकलेल्या मजुरीसाठी तहसील कार्यालयांवर मोर्चे नेले. ठाणे जिल्ह्याच्या आदिवासी भागात भूमिसेना, कष्टकरी संघटना (स्थापना १९७८) व श्रमजीवी संघटना (स्थापना १९८२) यांनी जमीन, जंगल व वेठबिगारी या प्रश्नांबरोबर किमान मजुरी आणि रोजगाराच्या कामांचा प्रश्न धसास लावला. शासकीय काम जवळ उपलब्ध असले, की जमीनमालकाने देऊ केलेली अपुरी मजुरी नाकारण्याचे बळ मजुरास येते. त्यामुळे योजनेचा लाभ प्रत्यक्ष कामावर न गेलेल्या शेतमजुरांपर्यंतही काही प्रमाणात पोहोचला.

तिसरा प्रश्न कामांच्या निवडीचा होता. सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात १९८० नंतरच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीने केवळ खडी फोडण्याच्या कामास विरोध करून दुष्काळाचे निर्मूलन होईल अशी कामे मागितली. या चळवळीत १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून गावी परतलेले कामगारही होते. येरळा नदीच्या पात्रातील वाळूच्या बेसुमार उपशास विरोध करून, मर्यादित वाळूविक्री व लोकवर्गणी यांतून बलवडी व तांदूळवाडी या गावांसाठी बळीराजा स्मृती धरण बांधण्यात आले. त्याच्या पाण्यात भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाचा वाटा असावा, हे तत्त्व चळवळीने पुढे मांडले. काम मागण्यापासून कामाचे नियोजन सुचविण्यापर्यंत संघटनेची मजल जाऊ शकते, हे या उदाहरणावरून दिसते.

न्यायालयांचाही उपयोग करण्यात आला. राजस्थानातील दुष्काळी कामांवरील मजुरीसंबंधीच्या संजित रॉय खटल्यात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, शासनास दुष्काळाची सबब सांगून किमान वेतनाहून कमी मजुरी देता येणार नाही, असा निर्णय दिला. विधिमंडळात रोजगार हमी योजनेसाठी स्वतंत्र समिती असल्याने संघटनांच्या तक्रारींना तेथे वाचा फुटू शकली. जिल्ह्यांच्या दौऱ्यावर येणाऱ्या या समितीपुढे निवेदने मांडणे हा संघटनांच्या कामाचा नित्य भाग बनला.

प्रभावाची ओहोटी : १९८८ मध्ये शेतमजुरांच्या किमान वेतनाचे दर वाढविण्यात आले व त्याबरोबर रोजगार हमी कामांवरील मजुरीचे दरही जवळजवळ दुप्पट झाले. हा श्रमिक संघटनांच्या दीर्घकालीन मागणीचा विजय होता. परंतु त्यानंतर काम मिळालेल्या मनुष्यदिवसांची संख्या घटली. हमी कायद्यातून काढून टाकण्यात आली नाही; नवी कामे कमी सुरू करणे, मागणीची नोंद टाळणे, दूरचे काम देणे अशा मार्गांनी ती पातळ करण्यात आली. याच सुमारास खाजगी जमिनीवरील विहिरी आणि १९९० पासून फळबाग लागवड यांचा योजनेत समावेश झाला. कोरडवाहू शेतीस त्याचा मोठा लाभ झाला हे खरे. परंतु लाभाचे केंद्र मजुराकडून जमीनधारकाकडे काही अंशी सरकले. पुढील काळात या योजनेसाठी वसूल होणाऱ्या करांच्या मानाने तिच्यावरील खर्च कमी राहू लागला.

या ओहोटीचे एक कारण संघटनांच्या स्थितीत आढळते. ज्या तालुक्यांत संघटना जागरूक होती तेथे कामे निघत. जेथे ती नव्हती अथवा थकली होती तेथे कायदा तोच असूनही हजेरीपट रिकामे राहत. मागणीवर आधारलेल्या योजनेचे हे बलस्थान आहे आणि दुबळेपणही. ज्यांना संघटित होणे सर्वांत अवघड, असे ऊसतोडणीसाठी हंगामभर स्थलांतर करणारे मजूर, एकट्या स्त्रिया, दुर्गम पाड्यांवरील कुटुंबे यांच्यापर्यंत हक्क सर्वांत शेवटी पोहोचतो.

राष्ट्रीय पातळीवरील परिणाम : महाराष्ट्राच्या कायद्याचा अनुभव पुढे देशव्यापी मागणीस आधारभूत ठरला. राजस्थानात १ मे १९९० रोजी स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेने किमान मजुरीच्या लढ्यातून हजेरीपट व बिले पाहण्याच्या हक्काची मागणी पुढे आणली. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोटकिराना येथे तिने पहिली जनसुनावणी भरविली. गावातील कामांचे कागद गावकऱ्यांसमोर वाचून दाखविले जात आणि हजेरीपटावर नाव असलेली व्यक्ती प्रत्यक्ष कामावर होती की नाही, हे गावकरीच सांगत. १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे धरण्यात आले. या प्रयत्नांचे फलित म्हणून २००० मध्ये राजस्थानात व २००५ मध्ये केंद्रात माहितीच्या अधिकाराचे कायदे झाले.

एप्रिल २००१ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेने अन्नाच्या हक्कासंबंधी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. शासकीय गोदामांत धान्याचे प्रचंड साठे असताना दुष्काळी भागांत उपासमार व्हावी, ही विसंगती तिने पुढे मांडली. २८ नोव्हेंबर २००१ च्या अंतरिम आदेशाने शाळांतील शिजविलेल्या मध्यान्ह भोजनासह अनेक अन्नयोजनांना हक्काचे स्वरूप दिले. याचिकेभोवती उभ्या राहिलेल्या अन्न अधिकार अभियानाने रोजगाराच्या हक्काचीही मागणी केली. डिसेंबर २००४ मध्ये संसदेत मांडलेल्या रोजगार हमी विधेयकाची व्याप्ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांपुरती मर्यादित होती. २००५ च्या उन्हाळ्यात संघटनांनी अनेक राज्यांतून रोजगार अधिकार यात्रा काढली, खासदारांच्या भेटी घेतल्या आणि स्थायी समितीपुढे आपले म्हणणे मांडले. ऑगस्ट २००५ मध्ये संमत झालेला कायदा काम मागणाऱ्या सर्व ग्रामीण कुटुंबांना लागू झाला. वर्षाकाठी प्रत्येक कुटुंबास १०० दिवसांच्या कामाची हमी, लाभार्थींत किमान एकतृतीयांश स्त्रिया आणि ग्रामसभेमार्फत सामाजिक अंकेक्षण या तरतुदी त्यात होत्या. २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत व एप्रिल २००८ पासून देशाच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत तो लागू झाला. २००९ मध्ये त्यास महात्मा गांधींचे नाव देण्यात आले. आंध्र प्रदेशात सामाजिक अंकेक्षणासाठी २००९ मध्ये स्वायत्त संस्था स्थापन झाली. लोकसंघटनांची पद्धत शासनाने आपल्या यंत्रणेत सामावून घेतल्याचे हे ठळक उदाहरण होय.

त्यानंतरच्या काळात नियंत्रणाची सूत्रे कामाच्या जागेपासून दूर गेली. मजुरी बँकखात्यात जमा होऊ लागल्याने मुकादमाची कपात कमी झाली. पण रक्कम अडकल्यास दाद कोणाकडे मागावी, हे तहसील कार्यालयातही सांगता येईना. जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर भ्रमणध्वनीवरील छायाचित्रांद्वारे हजेरी नोंदविणे सक्तीचे झाले आणि हजेरीपट मोठ्याने वाचण्याची जुनी रीत निष्प्रभ ठरू लागली. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ करण्यात आले. त्याचबरोबर बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के भार टाकण्यात आला, राज्यनिहाय निधीचे प्रमाण केंद्राने ठरविण्याची व शेतीच्या हंगामात एकूण साठ दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूद करण्यात आली. मागणीनुसार निधी की निधीनुसार काम, हा रोजगार हमीच्या आरंभापासूनचा वाद त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला असून श्रमिक संघटनांचा मुख्य आक्षेप याच मुद्द्यावर आहे.

अन्य देशांतील अनुभव : शासनाने स्वतःच गरिबांच्या संघटनेस वाव द्यावा आणि नंतर तो आकुंचित करावा, असे इतरत्रही घडले आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९६४ च्या आर्थिक संधी अधिनियमाने दारिद्र्यविरोधी कार्यक्रमांत गरिबांचा शक्य तितका अधिक सहभाग असावा, असे तत्त्व स्वीकारले व वस्तीपातळीवरील कृती संस्थांना केंद्राचे अनुदान दिले. या संस्थांनी नगर प्रशासनांविरुद्धच मागण्या मांडण्यास सुरुवात केली, तेव्हा महापौरांनी तक्रारी केल्या आणि १९६७ च्या दुरुस्तीने या संस्थांवर स्थानिक शासनास नियंत्रण ठेवण्याची मुभा देण्यात आली.

मर्यादा : लोकसंघटनांच्या प्रभावास काही अंगभूत मर्यादा आहेत. त्यांचे नेतृत्व पुष्कळदा शहरी, सुशिक्षित कार्यकर्त्यांकडे असते. ते निघून गेल्यास किंवा थकल्यास संघटना विस्कळीत होते. निधीसाठी शासनावर अवलंबून असलेली संस्था शासनाविरुद्ध फार काळ उभी राहू शकत नाही, आणि परदेशी देणग्यांवरील संस्थांच्या हालचालींवर १९७६ व २०१० च्या कायद्यांनी निर्बंध आणले आहेत. योजना राबविण्याचे कंत्राट घेणारी संस्था हळूहळू प्रशासनाची शाखा बनते व तिची टीकाकाराची भूमिका मावळते. संघटनेच्या आतही जात, लिंग आणि जमीनधारणा यांचे भेद शिल्लक राहतात. कामावर बहुसंख्येने स्त्रिया असूनही वाटाघाटींस पुरुषच बसतात, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. शिवाय संघटित असलेला प्रत्येक गट गरीब नसतो. बागायतदारांचे व कंत्राटदारांचे दबावगट याच धोरणावर अधिक सहजपणे व कमी गाजावाजा करून प्रभाव पाडतात.

मूल्यमापन : रोजगार हमीच्या इतिहासावरून काही निष्कर्ष काढता येतात. धोरणाची मूळ कल्पना अभ्यासक, लोकप्रतिनिधी किंवा प्रशासक यांच्याकडून येऊ शकते; परंतु तिची निकड संघटित मागणीमुळेच निर्माण होते. मोर्चा, न्यायालय, विधिमंडळ आणि अभ्यास ही साधने परस्परपूरक असून एकाच साधनावर विसंबलेल्या संघटनेचा प्रभाव अल्पजीवी ठरतो. नियमांचे व हिशोबांचे ज्ञान ही संघटनेची खरी पुंजी असते. दरपत्रक वाचू शकणारा मजूर हा धोरणाच्या अंमलबजावणीतील सर्वांत दक्ष निरीक्षक होय. कायद्याने दिलेला हक्क संघटनेस मागणी करण्यासाठी आधार देतो आणि संघटना त्या हक्कास अर्थ देते. या दोहोंपैकी एक ढासळले की दुसरेही दुबळे होते. मुदत, पोच, भत्ता व खुला हजेरीपट यांसारख्या वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या तरतुदी म्हणूनच धोरणाच्या उद्दिष्टांइतक्याच मोलाच्या ठरतात. काम मागणाऱ्याच्या हातात तारखेची पोच असेल, तर तो हक्कदार असतो. ती नसेल, तर तोच मनुष्य पुन्हा याचक ठरतो.